मागांच्या खडखडाटातून शब्द वेचताना: प्रकल्प नोंदी

४ जून

आत्याकडून खोकं आलं. आत सी-६० आणि सी-९० कॅसेट, सगळ्या साध्या फेरिक फितीच्या. पट्ट्यांवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘जॉबर, रात्रपाळी’, ‘वहिफणीवाले’, ‘कांडीवाल्या बायका’, ‘सायझिंग, बॉयलरजवळ’. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, वहिफणीवाले उभे धागे फणीतून ओवणारे, कांडीवाल्या धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळणाऱ्या आणि सायझिंग म्हणजे सुताला खळ देणं. १९८८ ते १९९१ या काळात तिनं इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ज्या घरी बसून झाल्या त्या तिनं तेव्हाच उतरवून काढल्या. खोक्यात आहेत त्या शेडमध्ये, माग चालू असताना घेतलेल्या. ‘काही कळतच नाही’ म्हणून त्या तशाच पडून राहिल्या.

शेडमध्येच का घेतल्यास, असं फोनवर विचारलं. तिचं उत्तर: मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पिकाच्या हिशोबानं, म्हणजे धोटा (शटल) किती वेळा आडवा गेला त्यावर. माग थांबला की पैसे थांबले. पाळी सुटल्यावर गडी बोलण्याच्या अवस्थेत नसायचा आणि बायकांची घरची पाळी सुरू व्हायची. मग बोलणार कधी? मागाशेजारी उभ्या उभ्या.

कामाची हद्द आजच आखून ठेवते. ध्वनिमुद्रण ‘छान’ करायचं नाही. उतरवून घेणाऱ्याला शब्द कळले पाहिजेत, एवढंच. कानाला बरं वाटणं आणि शब्द कळणं यांची फारकत किती मोठी असते, हे या क्षेत्रातल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. तरी बाजारातली बहुतेक साधनं कानाला बरं वाटण्याच्याच मागे असतात.

७ जून

फिल्टरचं नंतर बघू. आधी फितीवर जे आहे ते सगळं संगणकात आलं पाहिजे. डेकचं हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतले. एका कॅसेटमधला, फीत हेडवर दाबून धरणारा प्रेशर पॅड गळून पडला होता, तिची फीत स्क्रूवाल्या रिकाम्या शेलमध्ये घातली. डॉल्बी (फितीची फुसफुस दाबणारी सोय) बंद, कारण आत्याचा रेकॉर्डर अगदी साधा होता. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. मूळ फाइलला हात लावायचा नाही, जे करायचं ते नकलेवर.

खरा वेळ खाल्ला तो ॲझिमथनं, म्हणजे हेडची फट फितीशी बरोबर काटकोनात आणण्यानं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. ६ हजार हर्ट्झच्या ध्वनीची एक अख्खी लहर तिच्यावर जेमतेम ८ मायक्रोमीटर जागा घेते. मोनो रेकॉर्डरनं भरलेला पट्टा दीड मिलिमीटर रुंद. हेड नुसतं ०.३ अंशानं कललं, तरी पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पुऱ्या एका लहरीचा फरक पडतो आणि तो ध्वनी स्वतःलाच खाऊन टाकतो. ‘स’, ‘श’, ‘छ’ यांचा फुसफुसाट नेमका याच भागात असतो.

रेकॉर्डरचं हेड मुळातच थोडं कललेलं असणार, त्यामुळे माझं हेड सरळ असून उपयोग नाही, तेही त्याच बाजूला तेवढंच कललं पाहिजे. म्हणून प्रत्येक कॅसेटला दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकायचं, बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं हेड हलवायचं आणि वरचा फुसफुसाट सगळ्यात उघडा होईल तिथे थांबायचं. ‘वहिफणीवाले’ या कॅसेटला स्क्रूच्या पाव फेऱ्यात पडदा सरकल्यासारखं झालं. जे फितीवरून उचललंच गेलं नाही, ते पुढे कुठलं सॉफ्टवेअर आणून देणार?

१० जून

घुमणारा हुंकार. स्पेक्ट्रोग्रामवर (कुठल्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर, ते दाखवणाऱ्या चित्रावर) ५० हर्ट्झच्या आसपास दोन रेषा दिसतात. एक दगडासारखी स्थिर, दुसरी ५१ च्या जवळपास डुलणारी. स्थिर होती ती माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची. चार्जर काढला, रेषा गेली. डुलणारी फितीवरची आहे, म्हणजे शेडमधल्या विजेचा हुंकार रेकॉर्डरनं तेव्हाच पकडला होता.

मोह असा होतो की विजेचे ५० हर्ट्झ म्हणजे घड्याळ समजावं: ५१ दिसतात, तर कॅसेट २ टक्के जोरात चालली आहे, तेवढी मंद करू. युरोपातल्या जुन्या फितींसाठी हा उपाय चालतो. पण १९८८ च्या आपल्या ग्रिडवर तेवढा विश्वास टाकता येत नाही. तेव्हा फ्रिक्वेन्सी भारानुसार ४८ ते ५२ पर्यंत कुठेही फिरायची. तिला वळण लागलं ते २००२-०३ मध्ये अव्हेलेबिलिटी बेस्ड टॅरिफ (कमी-जास्त घेतलेल्या विजेचा दर ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीवर ठरवणारी पद्धत) आल्यावर. तेव्हा सरासरी ५१ का आहेत ते फितीमुळे की वीजमंडळामुळे, हे नुसत्या हुंकारावरून ठरत नाही. मात्र सेकंदाच्या आत होणारी लचक नक्की फितीचीच, कारण एवढं मोठं ग्रिड क्षणात एका टक्क्यानं हलत नाही. म्हणून लचक काढली, सरासरी आहे तशी ठेवली.

शब्द कळायला याचा उपयोग नगण्य. ५१, १०२ आणि १५३ हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारे फिल्टर) लावून विषय संपवला.

१४ जून

आज काहीच काढलं नाही, नुसतं मोजलं. ‘जॉबर, रात्रपाळी’ मधला गोंगाट एकजिनसी नाही. त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

दूरच्या मागांचा गजर सलग आहे. खाली दाट, वर विरळ होत गेलेला, पण थांबत नाही. त्यावर जवळच्या मागाचे ठोके: मिनिटाला साधारण १५० पीक, म्हणजे दर ४०० मिलिसेकंदांना एक. जवळून पाहिलं तर एका ठोक्यात तीन ठोके आहेत. आधी धोट्याला बसणारा तडाखा, मग धोटा समोरच्या पेटीत आदळतो तो, आणि शेवटी फणी आडवा धागा ठोकून बसवते तो. प्रत्येक १५-२० मिलिसेकंदांचा, मागे थोडी थरथर.

तिसरी गोष्ट रेकॉर्डरची स्वतःची. त्यात ऑटो लेव्हल आहे. मोठा आवाज आला की तो आपणहून पातळी पाडतो आणि मग हळूहळू वर आणतो. इथे दर ठोक्याला पातळी पडते आणि ठोक्याच्या पाठीवर आलेला शब्द दबतो. आडवा धागा तुटून जवळचा माग आपोआप बंद पडला, की उलटं होतं. पातळी चढत जाते, दूरचा गजर फुगतो, आणि माग पुन्हा सुरू होताच पहिले चार-पाच शब्द खड्ड्यात जातात. मुलाखतीतली चांगली वाक्यं नेमकी तिथे आहेत, कारण माग बंद पडला की माणूस मोकळेपणानं बोलायला लागतो.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. गोंगाटात माणूस नुसता मोठ्यानं बोलत नाही, त्याचा आवाजच बदलतो. पट्टी चढते, स्वर लांबतात, आणि आवाजातली ताकद खालच्या भागातून वरच्या भागाकडे सरकते. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. शटल मागांच्या शेडमध्ये पातळी ९० डेसिबलच्या वर असते. अशा ठिकाणी वर्षं काढलेला जॉबर सवयीनंच अशा आवाजात बोलतो. त्याचे स्वर गजराच्या वर डोकं काढतात. व्यंजनं मात्र बुडतात.

१८ जून

स्पेक्ट्रल सबट्रॅक्शन. सगळ्यांचं पहिलं पाऊल हेच असतं, ऑडॅसिटी या मोफत ध्वनि-सॉफ्टवेअरमधलं ‘नॉइज रिडक्शन’ही याच घराण्यातलं. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत अशी: ध्वनीचे ३० मिलिसेकंदांच्या आसपासचे तुकडे पाडायचे, प्रत्येकात कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते काढायचं, कुणी बोलत नाही अशा जागेवरून गोंगाटाची सरासरी घ्यायची आणि ती प्रत्येक तुकड्यातून वजा करायची.

पण सरासरी म्हणजे त्या क्षणाचा गोंगाट नव्हे. क्षणाक्षणाला कुठली तरी फ्रिक्वेन्सी सरासरीच्या वर उसळलेली असते. तेवढे ठिपके वजाबाकीतून सुटतात आणि टिणटिण वाजत राहतात. त्याला म्युझिकल नॉइज म्हणतात. उपायही त्याच वर्षी आला: जरा जास्तच वजा करा आणि तळाशी थोडा गोंगाट मुद्दाम राहू द्या. तसं केलं. निकाल कानाला फार सुखद. आत्याला पाठवला.

“अगं, किती शांत झालं! डोकं उठायचं ते बंद झालं.”

तिला म्हटलं, तू त्या फितीतल्या तुकडा सातमध्ये जॉबर काय म्हणतो ते लिहून पाठव. तिनं लिहिलं: ‘मालकाचं आठ माग हुतं तवा.’

मूळ फाइलमध्ये त्या ‘आ’च्या आधी, ४ हजार हर्ट्झच्या वर, सुमारे १०० मिलिसेकंदांचा धूसर डाग आहे. प्रक्रिया केलेल्या फाइलमध्ये तो पूर्ण गेला. ‘स’ला सूर नसतो, तो वरच्या भागात पसरलेला आणि दुबळा असतो. वजाबाकीच्या नजरेत त्याच्यात आणि गोंगाटात फरकच नाही. डाग ‘स’चा असेल तर मालकाचे माग साठ होते. आठ मागांचा मालक इचलकरंजीत गल्लोगल्ली, बऱ्याचदा स्वतःच मागावर उभा राहणारा. साठ मागांचा मालक हे वेगळंच प्रकरण, आणि पुढची सगळी मुलाखत त्याच्याशी झालेल्या भांडणाची आहे.

२२ जून

चाचणी कशी घ्यायची ते ठरवलं. वाक्य एकदा कळलं की ते खराब फाइलमध्येही ‘स्वच्छ’ ऐकू येतं, त्यामुळे मी आणि आत्या दोघी या कामाला बाद. ताजे कान हवेत. एका माणसाला एक तुकडा एकाच रूपात ऐकवायचा. त्याला मूळ, याला वजाबाकीचं, तिसऱ्याला आणखी वेगळं, आणि पुढच्या तुकड्याला ही वाटणी फिरवायची. ऐकलेलं लिहायचं, नसेल कळलं तर रेघ ओढायची. गुण फक्त बरोबर शब्दांना. ‘ऐकायला कसं वाटलं?’ हा प्रश्न वेगळा विचारायचा आणि वेगळ्या रकान्यात ठेवायचा.

हा दुसरा रकाना महत्त्वाचा. यी हू आणि फिलिपोस लोइझू यांनी २००७ मध्ये गोंगाट कमी करणाऱ्या तेव्हाच्या प्रचलित पद्धती ऐकणाऱ्यांवर तपासल्या, तेव्हा एक-दुसरा अपवाद सोडला तर कुठल्याच पद्धतीनं शब्द कळण्यात खरी वाढ दाखवली नाही. गुणवत्ता सुधारल्याचा भास मात्र होतो. आत्याचा ‘किती शांत झालं’ हा त्यातलाच.

ऐकणारे कोण, हाही पेच आहे. ‘हुतं’, ‘तवा’, ‘न्हाई’ अशी बोली आणि बीम, कांडी, सायझिंग, घडी हे शब्द रक्तात असलेले लोक म्हणजे जुने कामगार. पण गोंगाटानं कान जातात तेव्हा आधी ४ हजार हर्ट्झच्या आसपासचं जातं, नेमकी ‘स’ची जागा. ज्यांना बोली सगळ्यात चांगली कळते त्यांचेच कान या कामाला सगळ्यात अधू. तेव्हा कामगारांची पुढची पिढी धरली: लहानपणी शेडमध्ये डबा द्यायला जाणारे, आता शिक्षक, दुकानदार, एक नर्स. बोली येते आणि कान शाबूत आहेत.

२७ जून

या प्रकल्पात सगळ्यात जास्त मिळालं ते आज, तेही जुन्या पद्धतीच्या कष्टातून.

दूरच्या मागांचा गजर जवळपास एकसारखा असतो. म्हणून तो वर-खाली होताना दिसला, तर हललेली गोष्ट गजर नव्हे, रेकॉर्डरची पातळी. कुणी बोलत नसलेले ठोके एकाखाली एक मांडले, त्यांची सरासरी काढली, आणि ठोक्यानंतर पातळी कशी पडते, किती वेळात सावरते याचा आकार हाती आला. तो उलटा करून सगळ्या फाइलवर लावला, म्हणजे रेकॉर्डरनं जिथे दाबलं तिथे तेवढंच उचललं. माग बंद पडून सुरू होतो त्या जागा हातानं केल्या.

मग ठोके. त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असल्यामुळे शोधणं सोपं. प्रत्येक ठोक्याच्या १५-२० मिलिसेकंदांपुरती पातळी १२ डेसिबल खाली आणली, कडा गोल ठेवल्या.

इथे कुणीही म्हणेल की पातळी उचलली तर शब्दाबरोबर गोंगाटही उचलला गेला, मग फायदा काय? शब्द आणि गोंगाटाचं त्या क्षणाचं प्रमाण खरोखरच बदलत नाही. बदल होतो तो कानात. मोठ्या ठोक्यानंतर कान शंभरेक मिलिसेकंद मंद असतो, लगेच मागून आलेलं हळू व्यंजन त्याला पोचत नाही. ठोका खाली आला आणि त्याच्या पाठीवरचं व्यंजन वर आलं, की तो मंदपणा कमी होतो. सगळं जुळवून आणलं आहे ते कानासाठी, आलेखासाठी नव्हे.

ठोका पूर्ण शून्य का केला नाही? मिलर आणि लिकलायडर यांनी १९५० मध्ये दाखवलं होतं की तुटक केलेल्या बोलण्यातल्या फटी गोंगाटानं भरल्या तर ते सलग वाटतं. गजांच्या कुंपणापलीकडचं दृश्य आपण अखंडच पाहतो, तसं. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला टाकला, तर ऐकणाऱ्यांना काही गायब झाल्याचं कळलंच नाही. शांतता ठेवली की मात्र भोक लगेच जाणवतं. म्हणून ठोक्याच्या जागी थोडा गजर राहू दिला.

याच्याच पोटात धोका आहे. कान फटीत जे भरतो ते त्याच्या अंदाजाचं असतं. ‘आठ’ आणि ‘साठ’ दोन्ही शक्य असतील तिथे हा उपकार नको.

२ जुलै

२५० हर्ट्झच्या खालचं बहुतेक काढलं, २ ते ५ हजारांचा पट्टा थोडा वर घेतला. खालचा गजर मोठा असला की तो कानात वरच्या फ्रिक्वेन्सीही झाकतो. उलट दिशेनं एवढं झाकलं जात नाही. खालचं गेलं की हेडफोनचा आवाज वाढवायला जागाही मिळते. जॉबरचा आवाज पातळ, रेडिओवरच्यासारखा झाला. चालेल. टेलिफोननं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये सगळ्या जगाचं बोलणं भागवलंच की.

कॉम्प्रेशनही (मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी करणं) लावून पाहिलं. खालच्या फ्रिक्वेन्सी कापणाऱ्या हाय-पास फिल्टरनंतर जोरदार कॉम्प्रेशन केलं की गोंगाटात बोलणं जास्त कळतं, असं १९७६ मध्ये नीडरजॉन आणि ग्रोटेल्युशेन यांनी दाखवलं. पण ते स्वच्छ आवाजावर, तो गोंगाटात पोचण्याआधी करायचं असतं. स्टेशनवरच्या घोषणेला लागू, माझ्या फितीला नाही. इथे गोंगाट आधीच मिसळलेला आहे, कॉम्प्रेशननं तोच वर येतो. काढून टाकलं.

६ जुलै

न्यूरल नेटवर्क. हे अजून का केलं नाहीस, असं ज्याला त्याला वाटतं.

आधी आरएननॉइज, ज्याँ-मार्क व्हालाँ यांनी २०१७ मध्ये मोकळं केलेलं छोटं जाळं. ते ध्वनीचे २२ पट्टे करतं आणि प्रत्येक पट्टा किती उघडायचा एवढंच ठरवतं. साध्या लॅपटॉपवर बोलता बोलता चालतं. व्हिडिओ कॉलसाठी उत्तम. इथे दूरचा गजर त्यानं चांगला दाबला, पण ओरडून बोललेलं काही ठिकाणी गोंगाट समजून कापलं, आणि ठोक्यांवर गोंधळलं. तरी एक उपयोग सापडला. कुठे बोलणं आहे आणि कुठे नाही हे ते बरं सांगतं, म्हणजे तासाभराच्या फितीत नुसत्या खडखडाटाच्या जागा ओलांडता येतात.

मग मोठी, आवाज नव्यानं घडवणारी मॉडेलं. ती गोंगाट वजा करत नाहीत. गोंगाटातून जे कळलं त्यावरून स्वच्छ बोलणं स्वतः तयार करतात. तुकडा सात घातला. जॉबर स्टुडिओत बसल्यासारखा बोलू लागला: ‘मालकाचं आठ माग होतं तवा.’ ‘हुतं’चं ‘होतं’ झालं. शिकवणीच्या ढिगाऱ्यात ‘हुतं’ किती असणार? ‘आठ’ तर इतका खणखणीत की शंकेला जागाच नाही.

माझा याला सक्त विरोध आहे. मूळ फितीत निदान धूसर डाग आहे आणि तो धूसर दिसतो. इथे डाग पुसून त्यावर ठाम अक्षर काढलं गेलं, आणि ते मॉडेलचं आहे की माणसाचं हे ऐकून ओळखता येत नाही. लग्नाच्या व्हिडिओला वापरा. कुणाच्या तोंडचे शब्द नोंदवायचे असतील तिथे नको.

११ जुलै

आत्याबरोबर इचलकरंजीला. चाचणीसाठी खऱ्या गजराचं ध्वनिमुद्रण हवं होतं. बऱ्याच ठिकाणी आता बिनधोट्याचे माग आले आहेत. साधे माग अजून चालू असलेली शेड तिच्या जुन्या ओळखीतून मिळाली.

आत पाऊल टाकलं की छाती हादरते. कांडी मशिनवरच्या मावशींना मी काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, कोपराला धरून जवळ ओढलं आणि तोंड माझ्या कानाशी आणून उत्तर दिलं. एक शब्द चुकला नाही. मी बोलत असताना त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. पलीकडच्या रांगेतल्या गड्याशी बोलणं सगळं हातवाऱ्यांनी: दोन बोटं, मूठ, तळवा उलटा. आत्या म्हणाली, “मी तेव्हा हे सगळं बघितलं आणि रेकॉर्डर मात्र कमरेला लावून हिंडले.”

हिशोब केला. तोंडापासून ६० सेंटिमीटरवरचा माइक ५ सेंटिमीटरवर आणला, तर थेट आवाज साधारण २१-२२ डेसिबलनं वाढतो आणि गजर होता तेवढाच राहतो. महिनाभरात सगळ्या प्रक्रिया मिळून मी याच्या जवळपासही गेले नाही. नव्या मुलाखती आत्याला करायच्याच आहेत, तर डोक्याला लावायचा माइक, पातळी हातानं ठरवलेली, आणि चेहऱ्याचा व्हिडिओ. गोंगाटात चेहरा दिसला तर किती जास्त कळतं, हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच मोजलं आहे. मावशींना ते वाचावं लागलं नाही.

१७ जुलै

चाचण्या झाल्या. दोन प्रकारच्या: फितीवरचे तुकडे, आणि मैत्रिणीनं शांत खोलीत चढ्या आवाजात वाचलेल्या वाक्यांत शेडमधला गजर ० आणि उणे ५ डेसिबलला (म्हणजे बोलण्याइतकाच आणि त्याहून ५ डेसिबल मोठा) मिसळून केलेले तुकडे. दुसऱ्या प्रकारात स्वच्छ मूळ हाताशी असल्यामुळे यंत्रानंही गुण देता आले. गुणवत्तेसाठी पेस्क आणि शब्द कळण्यासाठी स्टॉई, ही दोन मापं. फितीच्या तुकड्यांना हे लागू नाही, कारण त्यांचं स्वच्छ मूळ कुणाकडेच नाही.

वजाबाकीच्या फाइली ‘कसं वाटलं’ या रकान्यात पहिल्या आल्या आणि बरोबर शब्दांत मूळ फाइलच्या आसपासच राहिल्या, काही जणांच्या बाबतीत खाली. पेस्क वाढला, स्टॉई जवळपास जागेवर. ऑटो लेव्हल उलटवून, ठोके उतरवून, खालचं कापून केलेल्या फाइली ऐकायला कुणाला आवडल्या नाहीत. नर्स म्हणाली, “डोकं दुखतं, पण कळतं.” बरोबर शब्द सगळ्यात जास्त त्यांतच. वाढ झाली ती बहुतेक ठोक्याच्या लगेच मागून येणाऱ्या व्यंजनांत आणि माग पुन्हा सुरू होतो त्या वाक्यांत.

वेग कमी करण्याचा लोकांना जो फायदा झाला तो मला अपेक्षित नव्हता. वेग १०-१५ टक्के कमी, पट्टी तीच. त्यासाठी डब्ल्यूसोला (ध्वनीचे तुकडे सरकवून एकमेकांवर जोडणारी पद्धत) वापरलं, कारण सुरावर बेतलेल्या पद्धती या गोंगाटात सूर शोधतानाच अडखळतात. याहून जास्त मंद केलं की व्यंजनं पसरट होऊन पुन्हा कळेनाशी होतात.

तुकडा सात ताज्या कानांपैकी बहुतेकांनी ‘साठ’ लिहिला, एकानं ‘आठ’, एकानं रेघ. फितीत पुढे, दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जॉबर तोच आकडा पुन्हा म्हणतो. तिथला डाग ठळक आहे आणि तिथे सगळ्यांनी ‘साठ’ लिहिलं.

२१ जुलै

उतरवण्याचे नियम आत्याशी बोलून पक्के केले. शब्द दोन ताज्या ऐकणाऱ्यांना वेगवेगळा ऐकून सारखाच कळला तर साधा लिहायचा. मतभेद असेल तर दोन्ही, मध्ये तिरकी रेघ. कुणालाच नाही कळला तर चौकोनी कंसात मिनिट आणि सेकंद, अंदाज नाही. बोली जशी आहे तशी, ‘हुतं’चं ‘होतं’ करायचं नाही. प्रत्येक मजकुरासोबत मूळ फाइलचं नाव आणि ती कुठल्या प्रक्रियेतून गेली याची ओळ. आत्याला तिरक्या रेघा खटकतात. “मी तिथे होते ना, मला आठवतंय तो काय म्हणाला.” तिचं आठवणं वेगळ्या रंगात, बाजूच्या रकान्यात घेऊ, असं ठरलं. कुरकुरत का होईना, मान्य झालं.

‘जॉबर’ आणि ‘वहिफणीवाले’ उतरवायला गेल्या. ‘कांडीवाल्या बायका’मध्ये तिघी एकदम बोलतात. तिथे गोंगाट हा प्रश्नच दुय्यम आहे, ती मागे ठेवली. पुढची ‘सायझिंग’. तिथे ठोके नाहीत, पंख्याचा आणि वाफेचा सलग फूत्कार आहे, म्हणजे सरासरीवर चालणाऱ्या पद्धतींना त्यातल्या त्यात मानवणारा. एफ्राइम आणि मालाह यांची १९८५ ची लॉग-एमएमएसई ही गोंगाट कमी करण्याची पद्धत आधी तिथे लावून बघते. पण फूत्कारही ‘स’च्याच जागेत बसलेला आहे, म्हणून ताज्या कानांच्या यादीत आणखी दोघं वाढवून घ्यायला आत्याला सांगितलं आहे.